समोर माणूस असताना

१

दुपारचं जेवण झालं की शामला वडिलांना त्यांचंच आयुष्य सांगायला बसायची.

डॉक्टरांनीच तसं सुचवलं होतं. या वयातल्या विसरण्यावर फारसं औषध नाही, पण रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसून त्यांच्याच गोष्टी त्यांना सांगत राहा, घसरण जरा हळू होईल, असं ते म्हणाले होते. तेव्हापासून हुडकेश्वरच्या त्या घराच्या मागच्या पडवीत रोज दुपारी एक कथा चालायची. सांगणारी तीच, ऐकणारे तेच आणि कथाही तीच.

बाबाराव निमजे, उमरेडच्या कोष्ट्याच्या घरातला मुलगा. घरात हातमाग. बापाचा हात धोट्यावर आणि पोराचा कान मागाच्या आवाजावर. मिसरूड फुटलं न फुटलं तोच वायुसेनेत भरती झाला आणि मागाचा आवाज ओळखणारा तो कान इंजिनाला लागला. बंगळूरला शिकला, मग जोधपूर, तेजपूर, हलवारा. लढाईच्या दिवसांत विमानाच्या पंखाखाली सतरंजी टाकून झोपला. सुमतीशी लग्न झालं, आधी शामला झाली, मग जितेंद्र. शेवटची बदली मागून नागपूरला घेतली, इथंच निवृत्त झाला, इथंच घर बांधलं. नंतर गल्लीत कुणाचा कूलर खरखरला, कुणाची मोटर अडकली, की बाबारावांना हाक जायची.

शामला हे सगळं सांगायची, आणि बाबाराव दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तसे निवारीच्या खुर्चीत बसून ऐकायचे. होळीनंतर त्यांचं बोलणंही गेलं होतं. लेक म्हणून ते तिला ओळखत होते की नव्हते, हे तिनं स्वतःला विचारायचं सोडून दिलं होतं. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, आईचं दुखणं काढलं, आई गेल्यावर वडिलांसाठी इतवारीतल्या कापडाच्या दुकानातली नोकरी सोडली. आता सकाळी अंग पुसून देणं, भरवणं, कपडे धुणं, पुन्हा भरवणं. कथा सांगताना कधीकधी तिचाच डोळा लागायचा, आणि जाग आली की ती तेजपूरपासून पुढे सुरू करायची.

त्या दुपारी ती जोधपूरला पोचली होती. बाबारावांनी उजवा हात खांद्याइतका वर केला, मूठ मिटली आणि अंगठा उभा केला.

तिला बरं वाटलं. किती दिवसांनी त्यांनी काहीतरी केलं होतं. ती म्हणाली, "ऐकून राहिले ना बाबा?"

पण ते तिच्याकडे पाहत नव्हते. ते अंगणाकडे पाहत होते, पाण्याच्या टाक्याच्या झाकणापलीकडे, जिथं उन्हाशिवाय काही नव्हतं.

२

अंगठा रोज उभा राहू लागला. मग त्यात आणखी खुणा आल्या. डाव्या तळव्यावर उजवी मूठ टेकवायची. एक बोट वर करून हवेत गोल फिरवायचं.

शामलाला त्या खुणांचं नवल वाटलं नाही, कारण ती त्यांच्यातच वाढली होती. विमानाचं इंजिन चालू असलं की माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळं हातांनी चालतं. बाबाराव ती भाषा घरीही आणायचे. बोट गोल फिरवलं की चहा ठेवा. तळव्यावर मूठ म्हणजे दिव्याचं बटण दाबा. आई चिडायची, म्हणायची, घर आहे हे, तुमचा विमानांचा हँगर नाही. मग तीच स्वयंपाकघरातून अंगठा दाखवायची. जितेंद्र अडखळत बोलायला लागला त्याच्या आधी त्याला थांबण्याची खूण येत होती, डोक्यावर दोन्ही हातांची फुली. तो ती जेवणाच्या ताटासमोर बसून करायचा आणि सगळे हसायचे.

तेव्हा शब्द गेले तरी हात राहिले असतील, असं तिनं मनाशी ठरवलं. डॉक्टरही फोनवर तेच म्हणाले. अंगवळणी पडलेलं सगळ्यात शेवटी जातं.

भांड्यांना येणाऱ्या रुख्माबाईनं मात्र एक दिवस अंगणातल्या मोरीवर बसल्याबसल्या हात थांबवले. बराच वेळ ती बाबारावांकडे पाहत राहिली. मग शामलाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, आजोबा कोणाले तरी उत्तर देऊन राहिले."

"कोणाले देतील वं? सवय हाय ती त्यांची."

"तसं नाही. पाहा ना तुम्ही. आधी थांबतेत, निरखून पाहतेत, मंग हात करतेत. समोरच्यानं इचारलं का आपुन मान हालवतो, तसं."

शामलानं पाहिलं. बाबाराव थांबले होते. डोळे किंचित बारीक झाले होते, उन्हात दूरचं पाहताना होतात तसे. त्यांची नजर एका जागी होती आणि ती जागा जमिनीवर नव्हती, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर होती. त्यांनी काहीतरी पाहून घेतलं, आणि मग अंगठा उभा केला.

रुख्माबाई त्या दिवसापासून मागच्या फाटकानं यायची बंद झाली. पुढच्या दारानं यायची, भांडी घरात बसून घासायची. शामलानं विचारलं तर म्हणाली, अंगणात ऊन फार हाय.

३

भैयाजी पौनीकर दर रविवारी यायचे. तेही वायुसेनेतले, बाबारावांच्याच हाताखाली इंजिनांचं काम शिकलेले. कोष्ट्यांचीच पोरं, एक उमरेडचा, एक पवनीचा, तेजपूरला एका बराकीत भेटली आणि तेव्हापासून जोडी सुटली नाही. भैयाजींची बायको जाऊन आता बरेच दिवस झाले होते, मुलगा परदेशात. मानेवाड्याहून ते अजून स्कूटरवर यायचे. बाबाराव बोलत नसले तरी भैयाजी त्यांच्याशी तासभर बोलायचे, जुन्या लोकांच्या बातम्या सांगायचे, ज्या आता बहुतेक मरणाच्याच असायच्या.

त्या रविवारी ते चहात बिस्कीट बुडवत होते, तेवढ्यात बाबारावांनी हात वर केला. भैयाजींचा हात कपावरच थांबला आणि बिस्कीट चहात पडून विरघळलं.

"हे केव्हापासून करून राहिला?" त्यांनी विचारलं.

शामलानं सांगितलं. रुख्माबाई काय म्हणाली तेही सांगितलं, आणि सांगताना हसली. भैयाजी हसले नाहीत.

त्यांनी तिला समजावून सांगितलं. विमानाच्या समोर एक माणूस जमिनीवर उभा राहतो. तो हातांनी विचारतो, सीटवर बसलेला हातांनी उत्तर देतो. दुरुस्तीनंतर इंजिन चालवून पाहायचं असलं की मेकॅनिकच सीटवर चढून बसतो, तेव्हा बाबारावांनी दोन्ही बाजूंची कामं केलेली. पण या खुणा खालच्या माणसाच्या नव्हत्या. या सीटवरच्या माणसाच्या होत्या.

"वीज जोडली का, तर हो. इंजिन चालू करू का, तर कर. एका मागून एक चाललं हाय त्याचं," भैयाजी म्हणाले. "मांगं मांगं नाही जाऊन राहिला तो. पुढं पुढं जाऊन राहिला."

शामलानं विचारलं, शेवटी काय असतं. भैयाजींनी दोन्ही मुठी छातीशी धरल्या, अंगठे बाहेरच्या बाजूला केले आणि हात दोन्हीकडे फाकवले. चाकांना अडवायला लाकडी ठोकळे लावलेले असतात, त्यांना चॉक म्हणतात. ही खूण म्हणजे चॉक काढा.

"आन मंग?"

"मंग काय वं. मंग विमान जाते."

जाताना त्यांनी आपली खुर्ची उचलून आत ठेवली. येताना ती त्यांनी अंगणाकडे पाठ करून मांडली होती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. इतक्या रविवारी ते बाबारावांच्या शेजारी, अंगणाकडे तोंड करून बसायचे.

४

मे महिना लागला. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर दिवसभर घरघरायचा आणि त्या आवाजात सगळं बुडून जायचं. खुणा पुढे सरकत होत्या. आता बाबाराव डावीकडे पाहून अंगठा दाखवायचे, मग उजवीकडे पाहून. शामला कथा सांगायची, पण तिची तिलाच ती लांब वाटायची. सांगता सांगता तिचे डोळेही टाक्याच्या झाकणाकडे जायचे. तिथं काही नसायचं. दोरीवर वाळत घातलेले कपडे असायचे. वाऱ्यानं ते हलायचे, आणि ती स्वतःला समजवायची की वारा आहे.

फक्त ते हलायचे ते सगळे एकाच बाजूला, पडवीच्या दिशेनं. पडवीतून कुणीतरी अंगणातली हवा श्वासात ओढून घेत असल्यासारखे.

एका दुपारी तिनं जितेंद्रला पुण्याला फोन लावला. बाबांचं असं असं चाललं आहे, एकदा येऊन जा, एवढंच तिला म्हणायचं होतं. चार दिवस कुणी दुसऱ्यानं रात्रीचं उठावं, कुणी दुसऱ्यानं अंग पुसावं, हे ती म्हणणार नव्हती. जितेंद्रनं दोनदा "काय?" विचारलं.

मग तो म्हणाला, "ताई, तो कूलर पहिले बंद कर ना. काहीच ऐकू नाही येऊन राहिलं."

शामलानं कूलरकडे पाहिलं. सकाळपासून वीज नव्हती. कूलर बंद होता, ताट्या केव्हाच्या कोरड्या झाल्या होत्या. तिनं तो आवाज ऐकला नव्हता, कारण तो इतके दिवस कानात होताच. आता तिनं ऐकला. खालचा, जाड, एकसारखा. खिडकीच्या काचेवर हात ठेवला तर काच बारीक थरथरत होती.

"ताई? हाय ना तू?"

तिनं नंतर बोलते सांगून फोन ठेवला. मग शेजारच्या कुणाचा जनरेटर असेल म्हणून पुढच्या दारात जाऊन उभी राहिली. रस्ता उन्हानं पांढरा पडला होता आणि सगळी गल्ली शांत होती. पुढच्या दारात काही ऐकू येत नव्हतं. स्वयंपाकघरात थोडं यायचं. पडवीत आलं की पायांच्या तळव्यांनाही लागायचं.

वरून एक खरंखुरं विमान सोनेगावच्या विमानतळाकडे उतरत गेलं. पूर्वी बाबाराव ताटावरून उठून आकाशात पाहायचे, इंजिनाचं नाव सांगायचे. आता त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. ते कामात होते.

५

चॉकची खूण आली त्या दिवशी शामला दोरीवरचे कपडे काढत होती.

तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा बाबारावांच्या मुठी छातीशी होत्या आणि अंगठे बाहेर वळत होते. हातातले कपडे तिथंच टाकून ती धावली. वडिलांकडे नाही धावली. ती टाक्याच्या झाकणापलीकडे, बरोबर त्यांच्या नजरेसमोर जाऊन उभी राहिली, तोंड त्यांच्याकडे करून, आणि तिनं डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी हलवाऱ्याला एकदा बाबारावांनी तिला खांद्यावर बसवून विमानं दाखवली होती. तेव्हा म्हणाले होते, समोर माणूस उभा असला की विमान हलत नाही. काहीही झालं तरी नाही. तेवढंच तिला आठवलं.

बाबारावांचा चेहरा तिनं इतक्या महिन्यांत पाहिला नव्हता असा झाला. ते घाबरले होते, तिच्यासाठी. त्यांनी एका हातानं जोरजोरानं तिला बाजूला सारण्याची खूण केली, पुन्हा पुन्हा. ओठ हलत होते. चालू इंजिनाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला असंच बाजूला करायचं असतं. आणि तेव्हा शामलाला कळलं की पाठीमागून आपला पदर खेचला जात नाही आहे, समोरून खेचला जातो आहे. केस, पदर, सगळं वडिलांच्या दिशेनं ओढलं जात होतं. तिनं पाय रोवले. आवाज हाडांत शिरला होता.

आणि तिच्या पाठीमागे, अगदी जवळ, कुणीतरी हात खाली घेतले.

कापडाचा आवाज होता तो. जाड सुती कापडाचा, बाही बाहीला घासल्याचा. तिनं मान वळवली नाही. मानेवर ऊन होतं आणि एका पट्ट्यात ऊन नव्हतं.

बाबारावांनी तिच्या डोक्यावरच्या हातांकडे पाहिलं. मग मुठी उघडल्या आणि हात मांडीवर ठेवले. आवाज उतरत उतरत काचेत गेला, काचेतून कुठंतरी विरला. शामला तशीच बराच वेळ उभी राहिली आणि मग मागं वळून न पाहता, तिरकी चालत पडवीत आली.

६

त्यानंतर हे रोजचं झालं. जेवण व्हायचं, कथा व्हायची, खुणा व्हायच्या, आणि मुठी छातीशी आल्या की शामला उठून समोर जाऊन उभी राहायची. माणसाला कशाचीही सवय होते. रोजच्या कामांत आणखी एक काम वाढलं, एवढंच. फक्त ती तिथं उभी असताना आणि येताना कधी मागं वळली नाही.

बाबाराव गेले नाहीत. पण राहिलेही नाहीत. त्यांनी खाणं सोडलं. घोटभर पाण्यावर दिवस काढायचे. पाठीला जखमा झाल्या. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतकं तापलेलं, पण तापमापक लावलं तर ताप नाही. डॉक्टर घरी येऊन गेले. या अवस्थेत माणूस इतका टिकत नाही, असं ते म्हणाले, आणि शामलाच्या सेवेचं त्यांनी फार कौतुक केलं. शेजारच्या प्रेमिलाबाई आपल्या सुनेला तिचं उदाहरण द्यायला लागल्या. लेक असावी तर अशी.

शामला ते ऐकायची आणि तिला काही वाटायचं नाही. ती फार दमली होती. हात वर धरून उभं राहिल्यानं खांदे भरून यायचे, पदर खोचताना सुद्धा कळ निघायची. कथाही आता तिला नीट सांगता येत नव्हती. एक दिवस ती लग्नापर्यंत आली आणि तिला आईचं नाव आठवेना. सुमती हे नाव तिला देवघरात जाऊन फोटोखाली वाचावं लागलं.

त्या दिवशी वडिलांना पाणी पाजताना तिला त्यांचंच एक बोलणं आठवलं. गल्लीतल्या पोरांनी मोटरसायकल उभीच ठेवून तासभर घरघरत ठेवली होती, तेव्हा बाबाराव बाहेर जाऊन त्यांना ओरडले होते. म्हणाले होते, चालू इंजिन असं अडवून ठेवत नसतेत. आतल्या आत जळते ते. एक तर जाऊ द्या, नाही तर बंद करा.

बंद करणं तिच्या हातात नव्हतं. तिनं त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. रुमाल बघता बघता कोरडा झाला.

तिनं जितेंद्रला फोन करून फक्त एवढंच सांगितलं की ये. कधी, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, मी सांगेन तेव्हा नको, आत्ताच निघ. त्यानं दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं.

७

दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांची दाढी केली. स्वच्छ पांढरा सदरा घातला, केस विंचरले. मग रोजच्यासारखी समोर बसली. त्या दिवशी तिनं कथा कुठं गाळली नाही. उमरेडचा माग सांगितला, पंखाखालची सतरंजी सांगितली, चहासाठी फिरवलेलं बोट सांगितलं. आईनं एकदा रागानं दिवसभर खुणांनीच बोलून त्यांची खोड मोडली होती, हे इतके महिने राहूनच गेलं होतं, तेही सांगितलं. निवृत्तीच्या दिवशी ते घरी येऊन कुणाशी न बोलता हात धूत बसले होते, कोपरापर्यंत साबण लावून, पुन्हा पुन्हा, ते सांगितलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

आवाज सुरू झाला होता.

मुठी छातीशी आल्या तशी ती उठून अंगणात गेली. समोर उभी राहिली. हात वर केले. बाबाराव तिच्या हातांकडे पाहत थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणी नव्हती. नियम पाळणाऱ्या माणसाची वाट पाहणं होतं. असे ते कितीही दिवस बसले असते. जळत राहिले असते, पण समोर माणूस असताना हलले नसते.

"बाबा," ती म्हणाली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

तिनं हात खाली घेतले. खांद्यांतून कळ गेली आणि त्या कळेबरोबर तिला इतकं हलकं वाटलं की तिला स्वतःची भीती वाटली. मग ती बाजूला झाली. एक पाऊल, आणखी एक, भिंतीपर्यंत.

पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण बाजूला होताना डोळ्याच्या कोपऱ्यात जे आलं ते आलंच. ती जिथं उभी होती त्याच्या मागे एक बाही होती, कोपरापर्यंत दुमडलेली, तेलानं काळी. आणि त्याखाली हात. तो हात इतका धुतलेला होता की पांढराफटक दिसत होता. बोटांच्या टोकांना कातडं राहिलं नव्हतं. मग दुसराही हात दिसला, दोन्ही तळवे वर झाले आणि सावकाश, अगदी सावकाश, आपल्याकडे बोलावू लागले.

शामलानं भिंतीकडे तोंड केलं.

दोरीवरचे कपडे फटकन एकदाच वाजले. तिच्या पाठीवरून काहीतरी गेलं, तापलेलं आणि मोठं, आणि त्याला जायला जितका वेळ लागला तितका वेळ तिनं कपाळ भिंतीला टेकवून ठेवलं. मग शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली.

ती पडवीत आली तेव्हा बाबारावांचा उजवा हात भुवईशी होता, सलामीसारखा, आणि हळूहळू खाली येत होता. तिनं तो धरला. तो गार होता. गेले कित्येक दिवस तापलेलं ते सगळं अंग माठासारखं गार झालं होतं. जितेंद्र संध्याकाळी पोचला. कसे गेले, असं त्यानं विचारलं. शामला म्हणाली, बसल्या बसल्या.

८

तेरवी झाली. पाहुणे पांगले, जितेंद्रही सुट्टी संपली म्हणून गेला. रुख्माबाई पुन्हा मागच्या फाटकानं यायला लागली. शामला दुपारी झोपायची. जेवण झालं की झोपायची ती संध्याकाळी उठायची, तरी थकवा जात नव्हता.

एका सकाळी भैयाजी आले. रविवार नव्हता. पडवीत न येता ते पुढच्याच खोलीत बसले आणि तिनं दिलेलं पाणी हातात धरून राहिले. बाबारावांबद्दल बोलले. तेजपूरला पावसात इंजिन उघडं पडलं होतं तेव्हा दोघांनी स्वतःचे रेनकोट त्यावर टाकले होते आणि दोघंही तापानं फणफणले होते, ते सांगितलं. हे शामलाला माहीत नव्हतं. तिच्या कथेत ते कधीच नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "त्याले तरास झाला का वं? शेवटी?"

"जाताना नाही झाला, काका. मी थांबवून ठेवलं होतं तेवढे दिवस झाला."

भैयाजींनी मान हलवली. तू काय केलं, कसं केलं, असं काहीच विचारलं नाही. जमिनीकडे पाहत म्हणाले, "तो समोरचा माणूस माह्या अंगणात अजून नाही आला. फाटकापाशीच उभा राह्यते. सकाळी गाडी काढतो तर वाट सोडून बाजूले होते."

खोलीतला पंखा फिरत होता. त्या आवाजाखाली दुसरा कुठला आवाज आहे का हे शामला ऐकत होती, आणि भैयाजीही ऐकत होते.

"मी भेत नाही," ते म्हणाले. "बाबाराव गेला तसं जाता आलं तर चांगलंच हाय. पण एक हाय. दुपारी शेजारचं कोणी येते, औषध द्याले, डब्बा द्याले. लोक चांगले हायेत. नेमकं त्या टायमाले कोणी समोर येऊन उभं राह्यलं, भैयाजी भैयाजी करून राह्यलं, तर मी तसाच बसून राहीन. आतल्या आत. माह्या घरी लोकाले बाजूले करणारं कोणी नाही."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"येशीन का तू?"

तिला नाही म्हणायचं होतं. तिनं आईचं केलं होतं, वडिलांचं केलं होतं, आणि पदर खोचताना अजून कळ निघत होती. ती त्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहत राहिली. शर्टाची बटणं त्यांनी एक घर सोडून लावली होती.

"दार आतून बंद असलं तर मी येऊ कशी?" ती म्हणाली. "घराची एक किल्ली देऊन ठेवा, काका."

भैयाजींनी खिशात हात घातला आणि किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. ती त्यांनी येतानाच आणली होती.